कपाटातली ओटी

वाघजाईवाडीच्या ग्रामसभेने रस्त्याचा ठराव केला, तर सुखदाला काय मिळणार होतं, ते आधी बघू. मुख्य कचेरीत खिडकीजवळची एक खुर्ची. त्या खुर्चीत बसणाऱ्याला गावोगाव हिंडावं लागत नाही. दुसरे हिंडतात आणि दमून येऊन त्याला सांगतात. रावेतचं घर जवळ. ट्रकच्या धुळीचा खोकला बंद. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, चहा बंद.

चहाचं नीट सांगायला हवं. सुखदा चाकणजवळच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात समन्वय अधिकारी होती. हुद्दा ऐकायला बरा. काम असं, की कंपनीत गेलं की गावाची बाजू मांडायची, गावात गेलं की कंपनीची, आणि दोन्हीकडे ‘तुम्ही नक्की कुणाच्या’ हे ऐकून घ्यायचं. शिवाय कंपनीच्या मॅडमनी कुणाच्या घरी चहा घेतला, हे गाव तोंडपाठ ठेवतं. वरच्या आळीत घेतला आणि खालच्या आळीत नाही घेतला, तर खालची आळी पुढच्या बैठकीला फिरकत नाही. म्हणून सुखदा दोन्हीकडे घ्यायची. मग सरपंचांकडे, मग बचत गटात, मग शाळेत. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत छातीत जाळ झालेला असायचा, आणि आईने दारातच “चहा टाकू का गं?” विचारलं की तिला खरोखर रडू यायचं.

आणि हे सगळं कशासाठी? तर कंपनीला मागचं गेट उघडायचं होतं. गेट उघडलं की कंटेनर गावच्या रस्त्याने जाणार. कंटेनर जायचे तर रस्ता रुंद हवा. रस्ता रुंद करायचा तर कुणाची तरी अंगणं जाणार. डावीकडच्या घरांची, का उजवीकडच्या? यावर गाव गेली दोन वर्षं बसत होतं, उठत होतं आणि चहा पीत होतं.

प्रज्वल तिला भेटला तो मात्र कुठल्याही बैठकीत नाही. आषाढातली रिपरिप होती, स्कूटर पाणी पिऊन बंद पडली होती, आणि सुखदा ती ढकलत आडोसा शोधत होती. रस्त्याकडेला एक वजनकाटा दिसला. ट्रक वजन करायला उभे राहतात तो, जमिनीत बसवलेला लोखंडी पत्रा आणि शेजारी पत्र्याची केबिन. ती स्कूटरसकट त्या पत्र्यावरून निघाली, तर केबिनच्या खिडकीतून आवाज आला,

“थांबा जरा... हं. एकशे साठ.”

“काय?”

“स्कूटर, तुम्ही, रेनकोटमधलं पाणी आणि त्या बॅगेतले कागद. सगळं मिळून.”

“मी विचारलं होतं का?”

“नाही. पण काट्यावर आलेल्याला सांगायची पद्धत आहे.” खिडकीतला माणूस तिशीतला होता, आणि गंभीर चेहऱ्याने बोलत होता. “एकट्या तुमचं नाही सांगता येणार, काळजी करू नका. ट्रकांचा काटा आहे. बारीकसारीक त्याला दिसत नाही.”

“नशीब माझं.”

“थकवा तेवढा दिसतो.”

“काट्याला?”

“काट्यावर बसणाऱ्याला.”

मग तो बाहेर आला, स्कूटरचा प्लग काढला आणि आपल्या रुमालाने पुसायला लागला. सुखदाने सवयीने ओळख द्यायला तोंड उघडलं, तर म्हणाला, “माहितीये. मागच्या गेटच्या मॅडम. मी प्रज्वल. उद्याच्या बैठकीत गावाकडून मी बोलणारे. तुमच्या विरुद्ध.”

“मग प्लग कशाला पुसताय?”

“तुम्ही पोचलाच नाहीत, तर मी विरुद्ध कुणाच्या बोलू?”

सुखदा हसली. किती दिवसांनी हसली, हे तिला स्कूटर सुरू झाल्यावर लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात बैठक भरली. कपबश्यांचा ट्रे फिरू लागला, तसा प्रज्वल उठला आणि एक कपबशी स्वतः आणून तिच्यापुढे ठेवली. वाफ येत होती. तिने मन घट्ट करून कप ओठाला लावला... तर आत नुसतं गरम पाणी. ती वर बघते, तोवर तो आपल्या जागी जाऊन उभा राहिला होता आणि कंपनीचे कंटेनर शाळेच्या वेळात गावात का येता कामा नयेत, हे खणखणीत आवाजात सांगत होता. सुखदाने सगळ्यांसमोर तो कप शेवटच्या घोटापर्यंत संपवला. चिमाजीआबा, म्हणजे वाडीचे सरपंच, शेजारी बसलेल्याला म्हणाले, “आज मॅडमनी पुरा कप पिला बघ. च्या जमला वाटतं.”

त्यानंतर वजनकाट्याच्या खिडकीशी स्कूटर थांबायला लागली. आधी कामासाठी, मग काम काढून, मग कामाशिवाय.

एक अडचण होती. सुखदा तिच्या कामात सगळ्यांना नात्याने हाक मारायची. कुणी दादा, कुणी काका, कुणी आबा, आणि बाकी सरसकट भाऊ. पहिले काही दिवस हाही ‘प्रज्वलभाऊ’ होता. मग एकदा तो पावतीपुस्तकातून मान वर न करता म्हणाला, “ते मागचं जरा काढता आलं तर बघा.”

“मागचं कुठलं?”

“नावाच्या मागचं.”

तिने काढलं. आणि नुसतं ‘प्रज्वल’ म्हणायला जीभ वळेना. म्हणजे त्याला हाक मारायला तिच्याकडे शब्दच उरला नाही. मग ‘अहो’ नाही, ‘अरे’ नाही, ती सरळ वाक्याच्या मध्यापासूनच बोलायला लागली.

“...आज काय ठरलं मग वरच्या आळीचं?”

“आधी सांगा, आज तुम्ही कुणाच्या बाजूने?”

“आज कुणाच्याच नाही. आज माझ्या.”

“ती बाजू कुठं आली?”

“सापडली की कळवते.” तिने डोकं खिडकीच्या चौकटीला टेकलं. समोरून ट्रकामागून ट्रक जात होते. “दमत नाही का हो माणूस? सगळ्यांचं सगळ्यांना सांगून?”

“दमतो ना. मला वाडीत अर्धे लोक कंपनीचा म्हणतात, अर्धे पुढारी म्हणतात. पण एक आहे. मी रस्ता दोन्हीकडून निम्मा निम्मा घ्या म्हणतो. आमचं घर डावीकडे आहे, आमचंही निम्मं जाणार. म्हणून मी बोलतो तेव्हा लोक ऐकून घेतात. हा स्वतःसाठी बोलतोय असं कुणाला वाटत नाही. तेवढीच माझी मिळकत आहे गावात.”

सुखदाने त्याच्याकडे बघितलं. तोही बघत होता. मागे एका ट्रकवाल्याने हॉर्न वाजवून वाजवून शेवटी गाडी बंद केली, तेव्हा दोघांनाही काटा मोकळा करून द्यायचं सुचलं.

मग गौरी आल्या. वाडीतल्या बायकांनी सुखदाला हळदीकुंकवाला बोलावलं, आणि ती नेहमीसारखी घराघरांतून फिरली. शेवटचं घर प्रज्वलचं. त्याची आई, कुसुमताई, उंच, हडकुळी, कमी बोलणारी बाई. रस्त्याला लागून मोठं अंगण, अंगणात शेवग्याचं झाड. बाकीच्या बायकांच्या हातावर तिने केळं आणि खण ठेवला. सुखदाला मात्र पाटावर बसवलं, पदर पुढे करायला लावला, आणि ओंजळीने काहीबाही घातलं. सुखदाच्या कुर्त्याला पदर नव्हता, म्हणून तिने ओढणी पुढे केली. दिवसभराच्या फिरण्याने तिचे डोळे मिटत होते. बायका एकदम गप्प का झाल्या, हेही तिला कळलं नाही. तिने ओढणीतलं सगळं पिशवीत ओतलं, वाकून नमस्कार केला आणि घरी जाऊन झोपली.

आता कंपनीचा एक नियम. गावाकडून मिळालेली कुठलीही वस्तू घरी न्यायची नाही. ती कायदा विभागातल्या अरुंधती मॅडमकडे द्यायची, त्या ती काचेच्या कपाटात ठेवणार, आणि वर्षाअखेर सगळं एखाद्या संस्थेला जाणार. सवलत एकच, नातेवाइकांनी दिलेलं आपलं आपल्याकडे. सुखदा नियमाची पक्की. सकाळी उठून तिने पिशवी उघडूनही न बघता नेऊन दिली.

त्या पिशवीत काय होतं, हे वाडीला आधी कळलं, सुखदाला नंतर. कारण अरुंधती मॅडमच्या खोलीची साफसफाई करायला येणाऱ्या सुमनताई वाडीतल्याच. त्या काच पुसायला गेल्या, आणि आत नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि अंजिरी काठाची हिरवी साडी बघून हातातलं फडकं तसंच धरून उभ्या राहिल्या. ती साडी आणायला कुसुमताईबरोबर त्याच आळंदीला गेल्या होत्या.

पुढच्या बैठकीला व्हरांडा गच्च भरला होता. सुखदाने नकाशा उलगडला, तसे चिमाजीआबा म्हणाले, “मॅडम, गेटाचं ऱ्हाऊ द्या. आधी वटीचं बोला.”

“कसली ओटी, आबा?”

“कुसुमनं तुमची वटी भरली. लगीन न्हाई झालेल्या पोरीची अशी साडी-नारळानं वटी भरली, म्हंजे इचारलं. तुमच्यात बी आसंच आसंल की. ठिवून घेतली तर व्हय. आनून दिली तर न्हाई. तुमी न्हाई म्हनला तर गाव रागावनार न्हाई, पोरीचा हक्क हाय त्यो. पर कपाटात? आमी काय समजायचं? तुमी घेतली, का कंपनीनं घेतली?”

मागे कुणीतरी हसलं, पण आबा हसत नव्हते. “उत्तर आल्याबिगर ठरावाला हात वर व्हनार न्हाई,” ते म्हणाले.

सुखदाने नकाशा खाली ठेवला. तिने प्रज्वलकडे बघितलं. तो नकाशाची घडी घालत होता, आणि ती घडी काही केल्या बसत नव्हती.

संध्याकाळी ती काट्यावर गेली तेव्हा आभाळ भरून आलं होतं, पण पडत नव्हतं. प्रज्वलने केबिनमधली एकुलती खुर्ची तिला दिली आणि स्वतः दाराला टेकून उभा राहिला.

“तुम्हाला माहीत होतं?” तिने विचारलं.

“नाही. आईने मला विचारलंच नाही. म्हणाली, तुला विचारलं असतं तर तू बैठक बोलावली असतीस.”

“आणि विचारलं असतं तर?”

“...बैठक बोलावली असती.”

“आणि बैठकीत?”

“बाजूने बोललो असतो,” तो म्हणाला. “तुमच्या बाजूने पहिल्यांदाच.”

सुखदाने डोळे मिटून घेतले. हेच ऐकायला ती आली होती, आणि ऐकल्यावर आनंदापेक्षा आधी दमल्यासारखंच वाटलं. आता पुढचं सगळं बोलावं लागणार होतं.

“मी ती आणून दिली तर ठराव होईल,” ती म्हणाली.

“होईल. आबा शब्दाला पक्के आहेत.”

“ठेवून घेतली तर वाडी माझ्याकडून जाईल. नातं असलं की त्या गावाचं काम करता येत नाही. आणि वाडी ज्याच्याकडे, खुर्ची त्याला.”

“माझंही ऐका मग. कंपनीतल्या बाईशी ठरलं म्हटल्यावर मी रस्त्यावर तोंड उघडलं, तर अर्धे म्हणतील हा कंपनीची सोय बघतोय, अर्धे म्हणतील आपलं अंगण वाचवतोय. माझं बोलणं संपलं गावातलं.”

“म्हणजे दोन्हीकडून तोटा.”

“रोख.”

“हिशेब मला येतो हो. तुम्हाला काय वाटतं, ते सांगा.”

“मला वाटतं, आणून द्या,” प्रज्वल म्हणाला. “खुर्चीत बसा. दमलाय तुम्ही. मी पहिल्या दिवशी बघितलं होतं ते आजही तसंच आहे. उलट वाढलंय.”

“आणि नाही आणून दिली तर?”

“तर... मला हाक मारायला काहीतरी शोधावं लागेल तुम्हाला. असं वाक्याच्या मध्यापासून आयुष्य नाही काढता येणार.”

ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. त्याने खिशातून रुमाल काढला, त्याच्याकडे बघितलं, त्यावर ऑईलचे डाग होते, म्हणून परत ठेवला. मग नुसताच हात पुढे केला. तिने तो धरला. बाहेर एक ट्रक काट्यावर येऊन उभा राहिला, आणि या वेळी त्याला बराच वेळ थांबावं लागलं.

अरुंधती मॅडम कायद्याच्या बाई, पण मनाने वाईट नव्हत्या. दुसऱ्या दिवशी सुखदा त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

“मॅडम, नातेवाइकांचं असेल तर कपाटात ठेवायचं नसतं ना?”

“नसतं. कोण नातेवाईक?”

“कुसुमताई. वाघजाईवाडीच्या.”

“तुझ्या कोण लागतात?”

सुखदाने श्वास घेतला. “सासूबाई,” ती म्हणाली. शब्द अगदी नवा, इस्त्री न मोडलेल्या कपड्यासारखा वाटला. “म्हणजे, अजून व्हायच्या आहेत. पण त्याआधी कपाट उघडावं लागेल.”

अरुंधती मॅडमनी चष्मा काढला. “सुखदा, हे मी लिहून घेतलं की वाडी आजच तुझ्या शेजारच्या टेबलावरच्या मिहिरकडे जाईल. दोन वर्षं तू केलंस, आणि सही तेवढी तो आणणार. खिडकीत तो बसणार.”

“माहीत आहे.”

“आणि तुला हायवेपलीकडची गावं. नव्याने सगळं.”

“तेही माहीत आहे.”

त्यांनी किल्ली काढली, पिशवी बाहेर घेतली, आणि देता देता म्हणाल्या, “साडी सुरेख आहे. मी रोज बघत होते.”

पिशवी घेऊन सुखदा थेट वाडीला गेली. कुसुमताई अंगणात शेवग्याखाली शेंगा निवडत बसली होती. सुखदाच्या हातातली पिशवी बघून तिने शेंगा बाजूला ठेवल्या आणि उठून उंबऱ्यात जाऊन उभी राहिली. आणून दिलेली ओटी उंबऱ्यातच घ्यायची असते.

“परत द्याया आलीस व्हय गं?”

“तुमचा मुलगा म्हणतो, द्या. त्याचं ऐकायचं की नाही, ते विचारायला आले.”

कुसुमताईने तिला एकदा खालपासून वरपर्यंत बघितलं. “आत्तापासून ऐकू नगंस,” ती म्हणाली. “सवय लागंल त्याला.” आणि उंबऱ्यातून बाजूला झाली.

ग्रामसभा दोन ऑक्टोबरला भरली. कंपनीकडून मिहिर आला, नवा शर्ट घालून. सुखदा तिथे नव्हती, तिला असता येत नव्हतं. रस्त्याचा विषय निघाला, तसा प्रज्वल उठला. निम्मं डावीकडून, निम्मं उजवीकडून, हेच त्याला परत सांगायचं होतं. त्याने घसा साफ केला, आणि मागून कुणीतरी विचारलं, “भाऊ, बोलताय कुणाकडून? सासरकडून का अंगणाकडून?” सगळी सभा हसली. रागाने नाही, लग्नघरात हसतात तसंच हसली. प्रज्वलही हसला, क्षणभर उभा राहिला, आणि खाली बसला. उजवीकडची घरं जास्त होती, उजवीकडचे हात जास्त होते. रस्ता सगळा डावीकडून घ्यायचा, असा ठराव झाला.

तर कुणाला हे केवढ्याला पडलं? कंपनीला गेट मिळालं, तिचं काही गेलं नाही. शाळेच्या वेळात कंटेनर नाहीत, ही अट गावाला मिळाली. उजव्या बाजूची अंगणं शाबूत राहिली. मिहिर खिडकीत बसला. सुखदाने खुर्ची दिली आणि तिला प्रज्वल मिळाला. प्रज्वलचं गावातलं बोलणं गेलं आणि त्याला सुखदा मिळाली. कुणाचं जास्त गेलं यावर दोघं अजून वाद घालतात, आणि तो वाद मिटू नये अशीच दोघांची वागणूक आहे. डावीकडची बाकीची घरं मागे सरकून बांधलेली, त्यांची चार फरश्यांवर सुटका झाली. कुसुमताईचं अंगण मात्र रस्त्याकडे सगळ्यात पुढे आलेलं. ते पुरतं गेलं. चुन्याची रेघ ओट्याच्या पायरीला येऊन टेकली. शेवगा तोडायला माणसं आली तेव्हा शेवटच्या शेंगा तिने आळीभर वाटल्या, अंगण झाडलं, आणि मग सुखदाला फोन करून सांगितलं, की मांडव आता मागच्या बाजूला घालू, तिकडं सावली बरी हाय.

मागच्या बाजूला झाडच नव्हतं.